पुराणातली 21 वर्षं आणि लेण्यातलं 24वं वर्ष

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. सातवाहनांवरच्या लेखात मी पुराणांना दुय्यम ठरवलं, राजाची स्तुती गाणाऱ्या शिलालेखांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवला आणि हा सगळा इंग्रजी चष्म्याचा परिणाम आहे, असं तुमचं म्हणणं.

चष्म्याचं आधी बोलतो. नाशिकच्या लेण्यांतले सातवाहनांचे लेख वाचण्यासाठी खपले ते भगवानलाल इंद्रजी आणि रा. गो. भांडारकर हे इथलेच अभ्यासक. उलट पुराणांतल्या वंशावळी हस्तलिखितांवरून ताडून 1913 साली छापल्या त्या पार्जिटर या इंग्रज न्यायाधीशाने.

पुराणं मी टाकून दिलेली नाहीत. राजांचा क्रम लावताना त्यांच्यावाचून पान हलत नाही. पण आकड्यांचं काय? वायुपुराण 30 राजे झाले म्हणतं आणि नावं त्याहून कितीतरी कमी देतं. मत्स्यपुराण सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला राज्याची 21 वर्षं देतं. नाशिकच्या लेणे क्र. 3 मधल्या त्याच्या आज्ञेवर मात्र संवत्सर 24, म्हणजे त्याच्या राज्याचं 24वं वर्ष आहे. ती आज्ञा जरूर वाचा. राजा आणि राजमाता नाशिकजवळच्या गोवर्धनच्या सामक या अमात्याला (अधिकाऱ्याला) कळवतात: भिक्षूंना कखडी गावात शेत दिलं होतं, ते कुणी कसत नाही, गावही ओस पडलंय, तेव्हा नगराच्या शिवेवरच्या आमच्या जमिनीतून 100 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) द्या. यात स्तुती कुठे आहे? हा सरळ जमिनीचा कागद आहे, फक्त दगडावरचा.

त्याच लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने मुलाच्या पश्चात कोरवलेली प्रशस्ती आहे. तिच्याबाबत तुमचा संशय अगदी रास्त. राजाचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले, यावरून मी राज्याचा नकाशा काढणार नाही. पण त्याने क्षहरात या शक घराण्याचा उच्छेद केला, हे तिच्यातलं विधान मी मानतो, कारण 1906 साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला क्षहरात राजा नहपानाची 13,000वर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या 9,000हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप आहे.

आणि दगडही गप्प बसतात, हेही खरं. इ.स. 150च्या सुमाराच्या जुनागढच्या लेखात शक महाक्षत्रप (राजा) रुद्रदामन म्हणतो की, दक्षिणापथपती (दख्खनचा राजा) सातकर्णीला दोनदा हरवलं, जवळच्या नात्यामुळे जिवंत सोडलं. सातवाहनांच्या लेखांत या पराभवाचा उच्चारही नाही, पुराणांतही नाही. तरी नात्याची गोष्ट मला खरी वाटते, कारण कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक, म्हणजे रुद्रदामनच्याच घराण्यातली, एका महाक्षत्रपाची मुलगी म्हटली आहे. बापाच्या नावातलं 'रु' एवढंच अक्षर तिथे शिल्लक आहे. तो रुद्रदामनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मीही.