प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी चूल

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये नवं कॅरेक्टर काढायला पाच मिनिटं पुरतात. त्याचा स्क्रीन लावायला दोन संध्याकाळी जातात. माझी सात कॅरेक्टर्स आहेत, त्यामुळे राक्षस मारणं हा जोडधंदा. मुख्य उद्योग बटणं सरकवण्याचा.

एकच मांडणी सगळ्यांना चालवून पाहावी, तर सोबत्यांना बरं करणाऱ्या हीलरला त्यांचे हेल्थ बार डोळ्यांसमोर हवेत आणि मार अंगावर झेलणाऱ्या टँकला कुठला शत्रू आपल्याला सोडून भलत्याच्याच मागे लागलाय ते. सातही वेगळ्या ठेवाव्यात, तर आज आपण नक्की कोण आहोत हे बोटांना कळत नाही. शत्रूचा मंत्र तोडायचं बटण तरी सातही जणांकडे एकाच कीवर ठेवावं. बाकी काहीही विसरलं तरी चालतं, ते विसरलं की अख्खी पार्टी झोपते.

खरी गंमत प्रोफाईलमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या मांडणीत आहे. बहुतेक मोठ्या ॲडऑनांत (गेमला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅम्समध्ये) प्रोफाईलच्या पानावर दोन निरुपद्रवी याद्या असतात. एकीतून आहे ते प्रोफाईल निवडायचं, दुसरीतून दुसऱ्याचं कॉपी करायचं. दिसायला सख्ख्या बहिणी, स्वभाव अगदी उलटे. पहिलीतून टँकचं प्रोफाईल हीलरला दिलं की ते दोघांचं सामाईक झालं. मग हीलरवर बसून हेल्थ बार जरा डावीकडे घ्यावा, तर तिकडे टँकचाही सरकतो. हे कळतं बॉससमोर.

म्हणून कॉपी करावं? करावं, पण कॉपी सध्या चालू असलेल्या प्रोफाईलवर होते, त्यातलं सगळं पुसून. चालू प्रोफाईल जर सातही जण वापरत असलेलं 'डीफॉल्ट' असेल, तर एका क्लिकमध्ये सात संसार मोडतात. तेव्हा आधी नवीन नाव टाईप करून एंटर, मग कॉपी. नावही 'हीलर', 'टँक' असं ठेवावं. 'नवीन', 'नवीन २', 'नवीन खरं' अशी नावं ठेवणाऱ्याला देवही वाचवत नाही.

एवढं करून बटणांच्या पट्ट्या जागेवर आल्या, तरी त्या रिकाम्याच. ॲडऑन फक्त पट्टी कुठे बसवायची ते बघतो. कुठल्या खणात कुठला स्पेल हे प्रत्येक कॅरेक्टरमागे वेगळं सर्व्हरवर असतं. स्पेल हातानेच ओढायचे. की-बाइंडिंगला 'फक्त या कॅरेक्टरसाठी' अशी वेगळी खूण आहे. २०२२ मध्ये गेमने स्क्रीन मांडायला स्वतःचा एडिट मोड दिला. त्यातही मांडणी अकाउंटची ठेवायची की कॅरेक्टरची, हा प्रश्न आहेच.

हे सगळं फाईलींतूनच उरकावं असं कधीतरी वाटतंच. त्या फाईलींच्या फोल्डरचं नाव 'डब्ल्यूटीएफ'. हे मी रचलेलं नाही. त्यात ॲडऑनच्या नोंदींचं 'सेव्हडव्हेरिएबल्स' दोन ठिकाणी: अकाउंटखाली सामाईक, आणि रेल्मच्या (ज्या सर्व्हरवर कॅरेक्टर राहतं त्याच्या) आत कॅरेक्टरच्या नावाच्या फोल्डरात खासगी. एकच उचललं तर अर्धा संसार येतो. शिवाय गेम या फाईली लॉगआऊट किंवा रीलोडच्या (गेममधून न निघता स्क्रीन पुन्हा लोड करण्याच्या) वेळीच लिहितो. म्हणजे आत खेळता खेळता बाहेरून फाईल बदलली, तर बाहेर पडताना गेम तिच्यावर जुनंच लिहून मोकळा. आणि तासभर बटणं लावून गेम क्रॅश झाला, तर तो तास कुठेच नोंदलेला नसतो. दर दहा मिनिटांनी रीलोड मारावा. मी मारतो, आता बोटंच मारतात.

कॅरेक्टरचं नाव मात्र हौसेखातर बदलू नये. प्रोफाईल 'नाव आणि रेल्म' यावर बांधलेलं असतं, त्यामुळे बारसं झालं की ॲडऑन त्याला परका समजून कोरी पाटी हातात देतो. जुनं प्रोफाईल यादीत जुन्या नावाने पडलेलं असतं, ते निवडलं की काम होतं. खासगी फोल्डराला मात्र नवं नाव हाताने द्यावं लागतं, तेही गेम बंद करून. आणि आधी त्याची एक प्रत डेस्कटॉपवर.