दादा, लेस्टरला मध्ये घेऊ नकोस

डोंबिवलीच्या दादाने घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच टाकलं. "मराठी शिकायची नसेल तर चालू पडा. आमच्या ताईला विचारा, इंग्लंडात इंग्रजीशिवाय राहू देतात का?" रिक्षावाल्याशी झालेल्या भांडणात साक्षीला मी, इंग्लंडातल्या लेस्टरला राहणारी!

दादा अगदीच चुकीचा नाही. कायम राहण्याचा परवाना मिळवायला मी इंग्रजीची परीक्षा दिली, आठव्या हेन्रीच्या सहा बायका पाठ केल्या आणि चोवीसपैकी अठरा उत्तरं बरोबर आणायची म्हणून रात्री जागले. पण शेजारच्या बा १९७२ साली, इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा युगांडातून आल्या, तेव्हा ही परीक्षाच नव्हती. पन्नास वर्षं त्यांचं गुजरातीवर भागलं आहे. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जाताना सोबत सून असते, नाहीतर दुभाषी मिळतो. त्याच वर्षी याच लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की कृपया आमच्याकडे येऊ नका, इथे घरं नाहीत, शाळा भरल्यात. लोक आले ते आलेच. आता २०२१ची जनगणना बघ: लेस्टरमध्ये आशियाई ४३ टक्के, गोरे ४१.

हे दादाला कळवलं. त्याचं उत्तर: "म्हणजे गुजरात्यांनी तेही शहर घेतलं."

मग मी पणजोबांना बाहेर काढलं. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरातले ऐंशीहून जास्त लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा मोठा. राजापूरहून बोटीने आलेले पणजोबा त्यांतलेच. "ते आपल्याच मुलखात आले होते," दादा म्हणाला. तेव्हा तो मुंबई इलाखा होता, त्यात कराचीही होती, हे लिहिलं आणि खोडलं. वादात जिंकायचं की भाऊबीजेला ओवाळायचं, ते आधी ठरवावं लागतं.

स्थलांतराच्या अभ्यासकांकडे एक जुनी तक्रार आहे. देशातल्या देशात जाणाऱ्यांचा अभ्यास एका कपाटात, सरहद्द ओलांडणाऱ्यांचा दुसऱ्या. दोन्ही कपाटं एकत्र उघडली की पणजोबा, रिक्षावाला आणि मी एकाच फळीवर दिसतो. दादाला ते नको आहे. खरं सांगायचं तर मलाही.

कारण इथल्या जनगणनेच्या फॉर्मवर 'इंडियन' अशी एकच चौकट आहे. तीत बा आणि मी शेजारी शेजारी. स्थलांतराचे अभ्यासक स्टीव्हन व्हर्टोवेक यांनी २००७ साली 'सुपरडायव्हर्सिटी' हा शब्द आणला तो याचसाठी: नुसत्या वंशाच्या चौकटीने भागत नाही, कोण कधी आलं, कोणत्या व्हिसावर, हेही बघा. हे वाचून मला इतका आनंद का झाला होता, ते आता कळतं. बा निर्वासित म्हणून आल्या, मी नोकरीचं पत्र घेऊन. मला तेवढा फरक कुणीतरी छापून हवा होता.

गेल्या रविवारी बेलग्रेव्ह रोडवर फाफडा घेताना दुकानातल्या काकींनी हसून विचारलं, "केम छो, बेन?" मुलुंडला वाढलेय मी, गुजराती मला फर्डं येतं. तरी "आय अॅम मराठी" असं इंग्रजीत म्हणाले, जरा वरच्या पट्टीत. त्यांनी मुकाट्याने पुडी बांधली. वर एक हिरवी मिरची जास्त घातली.