तुझे राज्य येवो, पण जरा गेटपाशी थांबो

रविवारी चर्चमधे डोळे मिटून प्रभूच्या प्रार्थनेतलं 'तुझे राज्य येवो', म्हणजे देवाचं राज्य येवो, म्हणायला काही लागत नाही, पोरंसोरं पण म्हणतात. टेन्शन वेगळंच आहे भो. समजा ते खरंच आलं तर? तेही सोमवारी सकाळी, आठ दिवसांनी नळाला पाणी आलंय, मोटर लावायची धावपळ चाललीय, आणि नेमकं तेव्हाच? तर तशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे चार शब्द. मी भुसावळातला जन्मापासूनचा ख्रिस्ती, आमच्या घरात तीन पिढ्या ही प्रार्थना चालू आहे आणि राज्याला आम्ही अजून उंबरा ओलांडू दिलेला नाही, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

आधी ते राज्य वर ढकलून द्या, ढगांच्या पलीकडं, मेल्यावर बघू म्हणून. येशूनं कामाला सुरुवात करतानाच सांगितलं की देवाचं राज्य जवळ आलंय, आणि परूश्यांनी, म्हणजे तेव्हाच्या कडक यहूदी धर्मनियमवाल्यांनी, कधी येणार म्हणून विचारलं तर म्हणाला ते तुमच्यामधेच आहे. असलं काही कोणी काढलंच तर शांतपणे म्हणायचं, "ते आध्यात्मिक अर्थानं आहे." हे वाक्य एटीएम कार्डासारखं खिशात ठेवा, कुठंही चालतं. फक्त प्रार्थनेतली पुढची ओळ जरा भरभर म्हणा, 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही'. त्या 'पृथ्वीवरही'मधे लफडं आहे. पृथ्वीवर म्हटलं की भुसावळ आलं, जळगावचं मार्केट यार्ड आलं, आणि आपलं साडेतीन एकर पण आलं ना.

शेत असेल तर द्राक्षमळ्याच्या दाखल्यापासून लांबच राहा. बायबलात मत्तयाच्या २० व्या अध्यायात आहे तो. मालक सकाळी मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पार पाच वाजता चौकात उभे दिसले त्यांनाही घेऊन जातो, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार देतो, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. आता पाच वाजेपर्यंत चौकात कोण उरतं? म्हातारं, लंगडं, ज्याला सकाळी कोणी गाडीत घेतलं नाही ते. त्यांना फुल रोज! असा माणूस आपल्या गावात असता तर बाकीच्या शेतकऱ्यांनी त्याला पारावर बोलावून झापला असता की रेट बिघडवतोस म्हणून. बरं, द्राक्षं हा नाशिकवाल्यांचा विषय, त्यांचं त्यांनी बघावं. आपला कापूस, आणि कापसाला तराजू असतो. वेचणी किलोवर. म्हातारीनं दिवसभरात पंधराच किलो वेचला तर पंधराचेच पैसे, तिच्या घरच्या तव्याला पण पोळी तेवढीच लागते हा हिशोब आपला नाही. सकाळच्या दवात कापूस ओला लागला तर गाठोड्यामागं दोन किलो कट्टी, म्हणजे वजनात कपात, लावा. व्यापारी आपल्या गाडीला कट्टी लावतो तेव्हा तो अन्याय असतो, त्यासाठी प्रार्थना ठेवायची, आणि आपण लावतो तो व्यवहार, त्याला प्रार्थना लागत नाही.

मग येतो थंडीचा सीझन, भरीत पार्ट्यांचा. लूक १४ मधे लिहिलंय की जेवण घालशील तर मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण त्यांना परतफेड करता येत नाही. काय प्लॅनिंग आहे का हे? परतफेडच नाही तर वांगी भाजायची कशाला? आपण बँकेचे साहेब बोलवा, कॉन्ट्रॅक्टर बोलवा, पोराच्या ॲडमिशनला कामी येईल असा एखादा बोलवा. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आहेच, धूर त्याच्या डोळ्यात, कळण्याच्या पुऱ्या थापायला त्याची बायको. सगळे उठले की त्यांनी बसायचं, उरलं तर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवताना जेवणाचं काही बोलणं झालं नव्हतं, झालं होतं का?

सोयरीक जमवताना तर फार जपा. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही हे बायबलातल्या गलतीकरांच्या पत्रात आहे, आणि पत्र गलतीकरांना आहे, आपल्याला थोडीच आलंय. म्हणून मुलीचा फोटो बघायच्या आधी हळूच विचारून घ्या, "मूळचे कोण तुम्ही?" समोरचा ओशाळला तर विषय पाळकसाहेबांच्या तब्येतीकडं वळवा. (आमच्या घरी हा प्रश्न विचारला गेलाय. दोन्ही बाजूंनी.)

आणि ना. वा. टिळक, आपले ख्रिस्ती कवी. त्यांची भजनं जरूर म्हणा, टाळ घेऊन म्हणा. पण त्या माणसानं १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेला न झालेला सगळे एकत्र, हा भाग पोरांना सांगू नका. भजन पाठ करणं वेगळं, राजीनामा पाठ करणं वेगळं.

राहता राहिला उन्हाळा. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात 'मी तान्हेला होतो, तुम्ही मला पाणी पाजलं' हे वचन घेऊन कोण बसणार. पार्सलवाला पोरगा घामानं निथळत उभा असला तर ओटीपी सांगा आणि जाळीचं दार लावून घ्या, कूलरची हवा बाहेर जाते. दानधर्माची फारच हौस असेल तर पाणपोई काढा. बोर्ड माठापेक्षा मोठा पाहिजे, 'यांच्या स्मरणार्थ' ठळक, उद्घाटनाचे फोटो ग्रुपवर. आणि ग्लासला साखळी, हे विसरू नका. तान्हेल्या माणसाच्या रूपात प्रभू येतो म्हणतात, पण स्टीलचा ग्लास पण त्याच रूपात जातो.

आमच्याकडं इथंच घोळ झाला. माठ मी ठेवला, लिंबाच्या झाडाखाली गेटबाहेर, बोर्ड प्रिंटिंगला दिला, साखळी हार्डवेअरच्या दुकानातून मोजून चार फूट आणली. तिसऱ्या दिवशी आईनं ती सोडवून ठेवली. मी ओरडलो तर म्हणे, अरे मागं बाई लेकराला घेऊन बसलेली असते, साखळी तिथवर पुरत नाही. बोर्ड अजून दुकानातच आहे, ती आणू देत नाही, म्हणते मी काय मेले का.

आतापर्यंत दोन ग्लास गेले. तिसरा तिनं कालच आणला, माझ्याच पाकिटातून पैसे घेऊन, आणि हा जरा मोठा आहे.