पाच घरांच्या टोल्याला ग्रामसभा कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. तुम्ही चामोर्शीकडचे, याच जिल्ह्यात वाढलेले. तेव्हा 'लांबच्या माणसाला काय कळतंय' असं म्हणून ती बाजूला सारता येत नाही, आणि मला सारायचीही नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. २०११च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या घरात. एवढी माणसं मोठ्या शहराच्या एका प्रभागात राहतात. तरी इथे तहसील वेगळी, पंचायत समिती वेगळी, नगरपंचायत वेगळी. त्यावर मी आणखी टोल्याटोल्याची, म्हणजे डोंगरातल्या प्रत्येक लहान वस्तीची, स्वतंत्र ग्रामसभा मागतो आहे. त्यापेक्षा डोंगरातली पाच-दहा घरं उचलून रस्त्याकडेला वसवावीत, शाळा-दवाखाना एका जागी द्यावा. ग्रामसभा म्हणजे प्रत्यक्षात चार पोरं आणि तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, ठेकेदार. आणि नक्षलवाद्यांबद्दल मी एक ओळही लिहिली नाही, हे तुम्हाला अप्रामाणिक वाटलं.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो खरा आहे. मी या तालुक्यात सहा वर्षं ग्रामसेवक होतो. बैठकीत कोण बसलंय ते पाहून मगच बोलायचं, हे पहिल्या महिन्यातच शिकलो. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी ती सवय लेखात उतरली. २००९च्या ऑक्टोबरात याच तालुक्यातल्या लाहेरीजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. 'खबरी' ठरवून गावातल्याच माणसांना मारलं जात होतं, आणि रात्री आलेल्या बंदूकवाल्यांना भात वाढला म्हणून त्याच गावातल्या माणसांची पोलीस चौकशी होत होती. तेंदूच्या व्यवहारातून खंडणी जायची. हे सगळं ग्रामसभेच्या आतच घडत होतं. माणसं उठून का बोलत नाहीत, याचं निम्मं उत्तर तिथे होतं. ते मी लिहायला हवं होतं.

पण वस्त्या रस्त्यावर आणण्याचं जे तुम्ही म्हणता, ते मला मुळीच पटत नाही. हे इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडात, करून झालेलं आहे. २००५पासून सलवा जुडूमच्या, म्हणजे सरकारच्या पाठबळावर चाललेल्या नक्षलविरोधी मोहिमेच्या, काळात बस्तरमधली शेकडो गावं रिकामी झाली. काही माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आली, काही जंगलात शिरली, कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून तेव्हाच्या आंध्रात गेली. छावण्यांमध्ये धान्य मिळत होतं, पोलीस ठाणं जवळ होतं. तुमच्या हिशेबाने सगळी सोय. पण शेत मागे राहिलं, मोह मागे राहिला, आणि जे परत गेले त्यांना पडक्या घरांपासून सुरुवात करावी लागली. तुम्हाला तसं बळजबरीचं काही अभिप्रेत नाही, हे मला माहीत आहे. तरी लांबच्या कचेरीत बसून कोणाचं गाव कुठे असावं हे ठरवलं, की पुढचा रस्ता त्याच दिशेने जातो.

इथल्या माडिया आदिवासींचं गाव डोंगराच्या कुशीत उगाच जाऊन बसलेलं नाही. त्याला सीव असते. कोणत्या नाल्यापर्यंत आपलं आणि कुठून शेजारच्या गावाचं, हे पोराटोरांना ठाऊक असतं. त्या सीवेच्या आत कोसरी या भरडधान्याची शेतं, कधीकाळचे पेंड्याचे, म्हणजे फिरत्या शेतीचे, माळ, मोहाची झाडं, मासे धरायच्या जागा, मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड. नवं फळ, नवं धान्य खायचं तर आधी पंडुम हा सण व्हायला लागतो, आणि त्याचा दिवस पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, आणि गावातली जाणती माणसं बसून ठरवतात. म्हणजे आपण 'स्थानिक स्वराज्य' हा शब्द नेण्याआधी तिथे जमीन, जंगल, भांडणं, लग्नं यांचा निवाडा करणारी बैठक होतीच. ती आदर्श नव्हती. त्या बैठकीत बायांचा आवाज फारसा नसायचा, आजही पुष्कळ ठिकाणी नाही. पण ती गावातच होती.

आता ग्रामपंचायत पाहा. ती उभी राहायला लोकसंख्येचा किमान आकडा लागतो आणि इथली गावं तीस-चाळीस घरांची, काही त्याहून लहान. म्हणून पाच-सात गावं बांधून एक गट ग्रामपंचायत केली जाते. माझ्याकडे अशीच एक होती. शेवटचं गाव कचेरीपासून दोन नाले आणि एका घाटापलीकडे. पावसाळ्यात तिथे माझं जाणं व्हायचं नाही, त्यांचं येणं व्हायचं नाही. भामरागडची परिस्थिती तुम्ही जाणता. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती तिथे मिळतात, पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तालुक्याचं गावच तुटतं. २०१९च्या पावसाळ्यात तर ते पुन्हापुन्हा तुटलं. बिनागुंड्यासारख्या गावांना पावसाआधीच चार महिन्यांचं रेशन पोचवावं लागतं, दिवस भरत आलेल्या बायांना आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणावं लागतं. माणसं कमी म्हणून कचेऱ्या कमी करा, असं तुम्ही म्हणता. मला अंतर मोजावंसं वाटतं. जातीच्या दाखल्यासाठी तिथला माणूस एक दिवस चालतो, साहेब नसले तर मुक्काम करतो, आणि तिसऱ्या दिवशी घरी पोचतो. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

एक गोष्ट लेखात लिहिली नव्हती, ती इथे लिहितो. नोकरीची पहिली दोन वर्षं मी ग्रामसभांचे ठराव मराठीत लिहिले. समोर चर्चा माडिया भाषेत चालायची. मला चार शब्द कळायचे. तासभर बोलणं झालं की कोणीतरी शिकलेला पोरगा मला म्हणायचा, 'लिहा, हो म्हणाले.' मी लिहायचो, 'सर्वानुमते मंजूर.' एकदा सिमेंट बंधाऱ्याचा ठराव असाच लिहिला. काम सुरू झालं तेव्हा एक म्हातारी बाई येऊन बंधाऱ्याच्या खड्ड्यात बसली आणि उठेना. मग कळलं की त्या दिवशी तासभर लोक हेच सांगत होते: इथे नको, वरच्या वळणावर करा, इथे पाणी साठलं की पलीकडच्या भाताच्या बांध्या बुडतात. माझ्या वहीत मात्र सर्वानुमत होतं. त्यानंतर मी माडिया शिकलो. आजही मोडकीतोडकीच बोलतो. पण ग्रामसभा टोल्यातच, त्यांच्या भाषेत, त्यांच्या झाडाखाली व्हावी असं मी म्हणतो त्यामागे कुठलंही पुस्तक नाही, ती बाई आहे.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम हीच वाट देतात. एखाद्या पाड्याला किंवा टोल्याला वाटलं, तर तिथल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे स्वतंत्र गाव जाहीर करण्याची मागणी करायची. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा सरपंच लागत नाही. ग्रामपंचायत तीच राहते, पण आपल्या सीवेतल्या जंगलाबद्दल, पाण्याबद्दल बोलायचा हक्क त्या टोल्याच्या ग्रामसभेकडे येतो आणि तिला स्वतःचा कोष मिळतो. तुम्ही सरकारी खर्च वाढेल म्हणालात. तो कसा, हे मला कळलं नाही.

आता चार पोरं आणि ठेकेदार. हेही मी डोळ्यांनी पाहिलंय, नाकारत नाही. मे महिन्यात फळीवर, म्हणजे तेंदूची पानं गोळा होतात तिथे, उभं राहिलं की सगळं दिसतं. बाया पहाटे तीनला निघून पानं तोडतात, सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक गोणी. त्या गोणीचा भाव मात्र ठरतो तो एका करारनाम्यावर, जो गावात दोघांनाच वाचता येतो. २०१७ साली भाव असे चढले की लोकांना खरं वाटेना. त्याच वर्षी तेंदूवर १८ टक्के जीएसटी लागला, पुढच्या हंगामात भाव कोसळले, आणि काही ठिकाणी ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. पण याचा अर्थ ग्रामसभांकडून तेंदूच्या लिलावाचा हक्क काढून घ्यावा असा होतो का? पूर्वी ठेकेदार होताच, तेव्हा गावाच्या हातात करारनामासुद्धा नव्हता.

मेंढा (लेखा) हे अपवादाचं उदाहरण, असं तुम्ही म्हणालात. बरोबर. धानोरा तालुक्यातल्या त्या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण त्यामागे कितीतरी वर्षांचा अभ्यासगट होता. गावातली माणसं आणि बाहेरचे मित्र एकत्र बसून कायदा वाचत, आणि सगळ्यांना पटल्याशिवाय निर्णय घेत नसत. भामरागडच्या गावांना ती सवड मिळाली नाही. त्यांना एका वर्षात कायदा, लिलाव, बँकखातं आणि लेखापरीक्षण सगळं मिळालं, आणि समजावून सांगायला माझ्यासारखा माणूस मिळाला, ज्याला त्यांची भाषा येत नव्हती.

तुमचं एक मान्य करून मूळ लेख दुरुस्त केला आहे. 'तेंदूच्या उत्पन्नामुळे इथल्या ग्रामसभा सक्षम झाल्या' असं तिथे सरसकट लिहिलं होतं. आता लिहिलंय की पैसा आला, पण हिशेब माडियात वाचून दाखवायची पद्धत फार थोड्या गावांत पडली. नक्षलवाद्यांच्या आणि पोलिसांच्या दडपणाबद्दल वेगळा परिच्छेद घातला आहे, तो वाचून सांगा. आणि पुढच्या मे महिन्यात तुम्हाला जमत असेल तर आलापल्लीपर्यंत या, तिथून बरोबर जाऊ. मी त्या बंधाऱ्याच्या गावी जाणारच आहे. बंधारा शेवटी वरच्या वळणावर झाला.