शेकरू गवत खाते

चौथीच्या पोरांना हल्ली माहितीलेखन असतं. म्हणजे एखाद्या गोष्टीची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहायची. ऐकायला काय, सोपंच वाटतं. आमच्या चिरंजीवांना विषय आला शेकरू, आणि टीव्ही लागायच्या आत त्याने लिहून वही माझ्या हातात दिली पण.

"शेकरू हा उपयुक्त प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन डोळे, दोन कान व एक शेपूट असते. शेकरू गवत खाते. मला शेकरू खूप खूप आवडते."

शिंगं नाही लिहिली हेच उपकार. आपण पिढ्यान् पिढ्या गाईचा निबंध असा काही घोटून घेतलाय की कुठलाही प्राणी द्या, पोरं त्याला गोठ्यातच नेऊन बांधतात.

म्हटलं, अरे उपयुक्त कोणाला? दूध देतं का ते? तर म्हणे, उपयुक्त नाही लिहिलं तर मार्क कापतात.

बरं, ज्याने शेकरू कधी बघितलंच नाही त्याला काय सांगशील? "खूप सुंदर असतं." सुंदर म्हणजे कसं? "म्हणजे खूप छान." इथे नवरोबा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, गूगल कर ना. केलं. आता वहीत "वृक्षवासी" आणि "दिनचर" आले, अर्थ विचारला तर खांदे उडवले.

मग मीच बसले. शेकरू म्हणजे मोठी खार, आपला राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्य मुख्यतः तिच्यासाठीच. फळं, बिया, झाडाची साल खाते, गवत नाही. शेंड्याशेंड्यांवरच राहते, खाली क्वचित उतरते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर 6 मीटरपर्यंत उडी मारते. पोरगा ढिम्म. 6 मीटर काय आणि 60 काय, त्याला सारखंच.

शेवटी शिवणाचा टेप काढला. तो दीड मीटरचा, म्हणून सोफ्यापासून खडूच्या खुणा करत चारदा लावला, तर हॉल संपला आणि टेप किचनमध्ये घुसला, भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंना ताटासकट उठावं लागलं. पोरगा एकदा सोफ्याकडे बघतोय एकदा ओट्याकडे, आणि मग एकदम, "एवढीऽऽ?" लगेच लिहिलं, "शेकरू आमच्या सोफ्यावरून एका उडीत ओट्यावर जाऊ शकते." गाईडमध्ये असलं वाक्य मिळणार नाही, मी त्याला हात लावू दिला नाही कोणाला.

एक शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतं हे ऐकून सासरे म्हणाले, "आणि आपण एका फ्लॅटचे हप्ते फेडतोय." त्यांनाही मग भीमाशंकर आठवलं. "माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, चांगलं पाच फूट होतं!"

"आजोबा, मोजलंत का?"

"अरे मोजायला ते थांबतंय होय?"

"मग नाही लिहिणार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत फार तर तीन फूट असतं."

आजोबा पेपर घेऊन गॅलरीत गेले ते जेवायलाच आत आले.

पुढच्या आठवड्यात शाळेतून विषय आला, माझी आई. वही उघडली तर, "माझी आई 5 फूट 1 इंच आहे. ती जमिनीवर राहते. ती दिवसा आणि रात्रीही जागी असते. अन्न: पोळी, भाजी व सगळ्यांचा उरलेला भात."