आप्पांच्या फटफटीचं गोत्र

नाशिकच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत, गोणपाटाखाली, डोक्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन आप्पांची फटफटी उभी आहे. आप्पा म्हणजे माझे आजोबा. महायुद्ध संपल्यावर देवळालीच्या छावणीतून डिस्पोजलचा माल निघाला, त्यात त्यांनी ती उचलली, अशी घरातली कथा. सगळे तिला 'आप्पांची बुलेट' म्हणतात. सगळे म्हणजे काय, मीही म्हणायचो.

२०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्या 'विंटेज' म्हणून नोंदवायची सोय झाली आणि काकांच्या अंगात आलं. वीस हजार रुपये भरायचे आणि फॉर्म. फॉर्मात एक रकाना: मॉडेल. आर.सी. बुक वाळवीनं खाल्लेलं. उरलेल्या अर्ध्या पानावर एकच माहिती शिल्लक होती: 'रंग – काळा'. गाडी हिरवी आहे.

मग मुलगी बघायला यावीत तशी माणसं येऊ लागली. चहा-पोहे आमच्याकडे. कोपऱ्यावरचे निवृत्त सुभेदार लांबूनच म्हणाले, "नॉर्टन! फौजेची." जिमला जाणारा शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, ही मॉडिफाय केलेली बुलेट आहे." त्याचंही फारसं चुकलं नव्हतं. सायलेन्सर बुलेटचा, हेडलाइट राजदूतचा आणि सीट येझदीची होती. टाकीवर मात्र तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र होतं. ही बीएसएची खूण. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका करायला निघालेली कंपनी. मी युरेका म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "ते स्टिकर मी लावलंय. मुंबईला मिळालं होतं. छान दिसतं ना?"

शेवटी मेस्त्रींना बोलावलं. वय पंच्याहत्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पोहे नाकारले, तेव्हाच माणूस खरा आहे हे कळलं. मी उत्साहानं म्हटलं, "गियर उजव्या पायात आहे!" ते म्हणाले, "त्या काळी सगळ्याच इंग्रज गाड्यांचा तिकडंच असायचा. माणसाला दोन डोळे आहेत म्हणून ओळख पटते का?"

मग त्यांनी धडा दिला. एजेएस आणि मॅचलेस या लंडनच्या प्लमस्टेडमधल्या एकाच कारखान्यातल्या जुळ्या बहिणी. युद्धानंतरच्या काही वर्षांतल्या तर नुसत्या बघून सांगता येत नाहीत. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज करणारा डबा, सिलिंडरच्या पुढे असला तर एजेएस, मागे असला तर मॅचलेस. आमचा मागे! संध्याकाळपर्यंत आमची गाडी मॅचलेस होती. काकांनी दोन नातेवाइकांना फोनही केले. दुसऱ्या दिवशी मेस्त्री म्हणाले, "पण हिचे व्हॉल्व्ह बाजूला आहेत. तिचे डोक्यावर असतात." काकांनी परत फोन केले.

आता सिलिंडरचं डोकं उघडायचं. माझ्या पेटीतला बारा नंबरचा पाना ढिला, अकरा बसेना. मेस्त्रींनी पिशवीतून व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, पाने काढले. या पान्यांचं गणित असं, की पान्यावर अर्धा इंच लिहिलेलं असतं, पण त्याचं तोंड अर्ध्या इंचाचं नसतं. तो आकडा बोल्टच्या दांड्याचा. म्हणजे चपलेवर पायाऐवजी गुडघ्याचं माप. या लोकांनी दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर.

डोकं निघालं. सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर. मेस्त्री म्हणाले, "म्हणजे बीएसएच." पण बीएसएची एम२० की एम२१? दोघींचा व्यास ८२च. पिस्टन वरून खाली ९४ गेला तर ४९६ सीसीची एम२०, ११२ गेला तर ५९१ सीसीची एम२१. मी व्हर्नियर लावला, मेस्त्रींनी किक हातानं हळूहळू दाबली. पहिल्यांदा आलं ९४. दुसऱ्यांदा ९७. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "शिवणाची टेप देऊ का?" टेपनं ९४च आलं. आईनं टेप पुसून परत मागितली.

नंबर राहिला होता. चासीच्या डोक्याशी रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. हिरव्याखाली निळा, म्हणजे काकांच्या लग्नाचा. निळ्याखाली चंदेरी, त्या वर्षी आप्पांना काय झालं होतं कुणास ठाऊक. मग आर.सी. बुकातला काळा, आणि सगळ्यांत खाली मातकट खाकी. खडू घासून फडकं फिरवलं आणि पांढरी अक्षरं वर आली: डब्ल्यूएम२०. डब्ल्यू युद्धखात्याचा.

काकांनी विचारलं, "अशा किती केल्या असतील?"

"सव्वा लाखावर."

काकांचा चेहरा मावळला. त्यांना वाटत होतं, दहा-बारा. त्यात इंजिनाचा नंबर वेगळाच निघाला. "फसवलं आप्पांना!" पण मेस्त्री म्हणाले, या मॉडेलचे दोन्ही नंबर कारखान्यातूनच जुळत नसत. पत्रिका न बघता लावलेलं लग्न, आणि टिकलं.

मी फॉर्म भरला. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता. आणि रविवारी आत्या आली, पर्समधून एक फोटो घेऊन. आप्पा फटफटीवर, अंगणात, डोक्यावर टोपी. सगळे गहिवरले. मी पुढचा फोर्क बघितला. आमच्या गाडीला पुढे स्प्रिंगचा जुना सांगाडा आहे, फोटोतल्या गाडीला गुळगुळीत टेलिस्कोपिक नळ्या.

"अगं आत्या, ही ती गाडी नाही."

"नाहीच. ही आधीची. ही देऊनच तर ती घेतली."

व्हॉल्व्ह डोक्यावर दिसत होते. म्हणजे जुळ्यांपैकीच कुणीतरी. मी भिंग आणलं, मेस्त्रींना फोन लावला. "मॅग्नेटो बघा," ते म्हणाले, "पुढे की मागे?"

बघतोय तो सिलिंडरच्या पुढेही आणि मागेही, दोन्हीकडे आप्पांचं धोतर.