जैवतंत्रज्ञानाची संघटना म्हणजे ‘चार बड्यांचा क्लब’? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला. थोडक्यात असा: ‘देशातल्या बायोटेक कंपन्यांची संघटना म्हणजे चार बड्यांचा क्लब. आता तिला जगभर पसरायचंय, म्हणजे परदेशात मंडप, हॉटेलं आणि फोटो. पण भारतीय बायोटेककडे नकलेशिवाय दाखवायला आहे काय? १६५ अब्ज डॉलरचा आकडाही फुगवलेला. आधी घरचं बघा, मग जगाचं.’

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नियामक कागदपत्रांचं काम करते. आम्ही तपासणी किटमध्ये लागणारी एन्झाइम्स बनवतो. सगळी मिळून अकरा माणसं. मजकुरातलं जे खरं आहे ते मी खरंच म्हणणार आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो लोकांनी मनावर घेतला तर त्याचा फटका बड्यांना नाही, आमच्यासारख्यांना बसेल.

‘चार बड्यांचा क्लब’

बोलणं चाललंय ते ‘एबल’बद्दल, म्हणजे असोसिएशन ऑफ बायोटेक्नॉलॉजी लेड एंटरप्रायझेस. २००३ साली बंगळुरूत सुरू झालेली ही संघटना. किरण मजुमदार-शॉ तिच्या पहिल्या अध्यक्ष. त्यांची बायोकॉन आज मोठी आहे, पण १९७८ मध्ये ती भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढत सुरू झाली होती आणि बँका तिला कर्ज द्यायला तयार नव्हत्या. संघटनेत औषधं, शेती आणि औद्योगिक एन्झाइम्स अशा सगळ्या शाखांच्या कंपन्या आहेत. शिवाय संशोधन संस्था, गुंतवणूकदार, उपकरणं पुरवणारे आणि वकिलांच्या फर्मही आहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ती विद्यार्थ्यांसाठी उद्योजकतेची स्पर्धा चालवत आली आहे. क्लबला असलं काम सुचत नाही.

तरी या आरोपाचा एक भाग मी नाकारणार नाही. सभासदांचे हितसंबंध एकमेकांवर आदळले की ‘उद्योगाचा आवाज’ या शब्दाला अर्थ उरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्यांच्या किमती नियंत्रणाखाली आणल्या. कापसाला बोंडअळीपासून वाचवणाऱ्या बीटी तंत्राच्या रॉयल्टीवरून भांडण पेटलं, बियाणं कंपन्यांच्या जुन्या संघटनेत फूट पडली आणि २०१६ मध्ये संशोधनावर खर्च करणाऱ्या कंपन्यांनी वेगळा महासंघ काढला. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीपासून विदर्भातल्या कास्तकारापर्यंत ज्यांचा कापसाशी संबंध आहे, त्यांना हे आठवत असेल. एबलला वाढायचं असेल तर लहान कंपन्यांना कार्यकारिणीत राखीव जागा आणि मतभेद असतील तिथे दोन्ही बाजू नोंदवण्याची पद्धत आणायला हवी. ही माझी मागणी आहे. पण संघटना अपुरी पडते म्हणून ती नकोच, असं त्यातून निघत नाही. मोठ्या कंपनीला संघटना नसली तरी चालतं. वॉशिंग्टनमध्ये तिचं स्वतःचं ऑफिस असतं. आमच्याकडे तसं काय आहे?

‘परदेशात मंडप आणि फोटो’

हा आरोप मला सर्वांत जास्त लागला, कारण मी त्या मंडपात उभी राहिलेली आहे.

अमेरिकेतल्या बायोटेक कंपन्यांच्या ‘बायो’ या संघटनेचं अधिवेशन दरवर्षी भरतं. तिथे खरं काम स्टॉलवर होतच नाही. ते होतं शेजारच्या दालनातल्या छोट्या छोट्या खोल्यांत, आधीपासून ठरवलेल्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटींमध्ये. पण भेटीची विनंती मान्य करण्याआधी समोरचा तुमचं नाव शोधतो, आणि अकरा माणसांच्या कंपनीचं नाव त्याला कुठेच सापडत नाही. भारतीय मंडपातलं एक टेबल आम्ही आणखी दोन कंपन्यांबरोबर वाटून घेतलं होतं. आमच्या पाठीशी एक ओळखीचा फलक आहे, एवढ्यावरच दोन भेटी ठरल्या. त्यातल्या एका माणसाने किमतीबद्दल एक शब्द काढला नाही. सलग तीन बॅचेसची स्थिरतेची, म्हणजे माल किती काळ टिकतो याची, माहिती आहे का, एवढंच त्याने विचारलं. होती. पुढचा पत्रव्यवहार त्यावरच चालला.

मात्र मंडप ही या कामाची सर्वांत वरवरची बाजू. खरा मुद्दा नियम कुठे लिहिले जातात हा आहे. औषधांच्या चाचण्यांची मार्गदर्शक तत्त्वं आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरतात. तिथे सरकारी नियामकांच्या शेजारी उद्योगांच्या संघटनाही सदस्य म्हणून बसतात. अमेरिका, युरोप आणि जपानच्या औषध उद्योगांच्या संघटना सुरुवातीपासूनच आहेत. २०१६ मध्ये ‘बायो’लाही सदस्यत्व मिळालं. आपला औषध नियामक, म्हणजे केंद्राची सीडीएससीओ ही संस्था, तिथे निरीक्षक म्हणून बसत आला आहे.

याने काय फरक पडतो? २००३ सालचं स्थिरता चाचणीचं मार्गदर्शक घ्या. दीर्घकालीन चाचणीसाठी त्यात प्रामुख्याने २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरली आहे. समशीतोष्ण आणि उपोष्ण प्रदेश नजरेसमोर ठेवून ते लिहिलेलं आहे. आपल्यासारख्या उष्ण, दमट हवामानासाठी ३० अंश आणि त्याहून जास्त आर्द्रता धरतात. म्हणजे दोन्हीकडे माल विकायचा तर बऱ्याचदा दोन प्रकारच्या कपाटांत वर्षानुवर्षं नमुने ठेवा, दोनदा तपासा. मोठ्या कंपनीला हा खर्च किरकोळ वाटतो. आमच्याकडे तेवढ्यात एका माणसाचा वर्षाचा पगार निघतो.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं आहे. अमेरिकेत २०१० साली जैविक औषधांच्या समरूप आवृत्त्यांना, म्हणजे बायोसिमिलरना, परवानगी देणारा कायदा झाला. मूळ औषधाला किती वर्षं मक्तेदारीचं संरक्षण द्यायचं यावर वाद होता. ओबामा प्रशासनाचा कल सात वर्षांकडे होता. ‘बायो’ने जोर लावला आणि कायद्यात बारा वर्षं आली. कर्करोगाची अँटिबॉडी बनवणाऱ्या भारतीय कंपनीचं वेळापत्रक या एका आकड्याने बदलून टाकलं. संघटना बोलते तेव्हा काय घडतं याचा हा पुरावा आहे. दुसऱ्यांच्या संघटना बोलत असताना आपण घरी बसायचं, हा सल्ला मला पटत नाही.

‘नकलेशिवाय काय आहे?’

पुष्कळ आहे.

आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या पट्ट्यात ए प्रकारच्या जंतूच्या साथी वर्षानुवर्षं येत होत्या. त्या लोकांना परवडेल अशी लस कुणी बनवत नव्हतं, कारण त्यात नफा नव्हता. एका मात्रेला पन्नास सेंटपेक्षा कमी किंमत हवी होती. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकातल्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेलं, जंतूच्या साखरेला प्रथिन जोडण्याचं तंत्र घेऊन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, पाथ ही ना-नफा आरोग्य संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्याबरोबर, ती लस तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली आणि त्या प्रकारच्या साथी जवळजवळ थांबल्या. जी लस बाजारातच नव्हती, तिची नक्कल कशाची करणार?

टायफॉइडची अशीच प्रथिन जोडलेली, म्हणजे संयुग्मित, लस भारत बायोटेकने बनवली. जगात सार्वजनिक यंत्रणेतून ती सर्वप्रथम दिली गेली ती नवी मुंबईत, २०१८ साली, महापालिकेच्या मोहिमेत. हिंजवडीच्या जिनोव्हाने कोविडची एमआरएनए लस अशा रूपात आणली की ती साध्या फ्रिजच्या दोन ते आठ अंशांत टिकते; उणे तापमानाच्या साखळीची गरज नाही. आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलमधून आलेला नेक्सकार१९ हा कर्करोगाचा पेशी-उपचार, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून केलेला उपचार. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार लाख डॉलर आणि त्याहून जास्त लागतात. इथे तो साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात होतो. तरीही ही रक्कम सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मी लपवत नाही. पण किंमत खाली आली ती प्रक्रिया नव्याने बांधल्यामुळे. तयार प्रक्रिया उचलून ती आणता येत नाही.

बायोसिमिलरला नक्कल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते. जिवंत पेशीतून निघणारं प्रथिन कुठल्याही दोन कारखान्यांत तंतोतंत एकसारखं निघत नाही. ते पुरेसं सारखं आहे हे रेणूपासून रुग्णापर्यंत सिद्ध करावं लागतं. औषधविक्रेत्याने मूळ इन्सुलिनच्या जागी थेट देता येईल असं पहिलं बायोसिमिलर इन्सुलिन अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये मान्य केलं. ते बायोकॉन आणि तिच्या अमेरिकन भागीदार कंपनीचं होतं.

‘आकडा फुगवलेला’

इथे मजकुराशी मी बरीचशी सहमत आहे. २०१४ मध्ये १० अब्ज डॉलर आणि २०२४ मध्ये १६५ अब्जांच्या पुढे, अशी जैवअर्थव्यवस्थेची, म्हणजे जैवतंत्रज्ञानावर चालणाऱ्या सगळ्या उद्योगांची मिळून, वाढ सांगितली जाते. तो अहवाल बिरॅक या सरकारी संस्थेसाठी एबलच तयार करते. त्यातला जवळपास निम्मा हिस्सा इथेनॉलसारखी जैवइंधनं, रसायनं अशा औद्योगिक मालाचा आहे. ‘बायोटेक’ म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, कोल्हापूरच्या साखर कारखान्याची डिस्टिलरी येत नाही. आकडा खोटा नाही, पण तो तुकडे करून सांगायला हवा. आणि मोजणारा उद्योगाबाहेरचा असावा. २०३० साठी ३०० अब्जांचं लक्ष्य ठेवलंय, म्हणून तर हे आत्ताच व्हायला हवं.

‘आधी घरचं, मग जगाचं’

हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. लसींच्या बाबतीत ते उभंच राहत नाही. युनिसेफला लस विकायची तर जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता लागते, आणि ती मिळण्यासाठी कंपनीच्या देशातला नियामक सक्षम असल्याचं आधी सिद्ध व्हावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताची लस-नियामक यंत्रणा तिसऱ्या परिपक्वता पातळीवर, म्हणजे स्थिर आणि नीट चालणारी, असल्याचं आरोग्य संघटनेने जाहीर केलं. म्हणजे बाहेर विकायचं म्हणून घरचं नीट करावं लागलं, आणि त्याचा फायदा इथे लस घेणाऱ्या मुलालाही होतो.

उलट बाजूही २०२१ मध्ये दिसली. अमेरिकेने संरक्षण उत्पादन कायदा वापरून कच्चा माल आधी आपल्या कारखान्यांकडे वळवला. पेशी वाढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, गाळण्या, पोषक माध्यमं इकडे अडली. १६ एप्रिलला सीरमच्या अदर पूनावालांना थेट राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना उद्देशून ट्विट करावं लागलं. देशातली दुसरी लाट तेव्हा वाढत होती. जगातल्या सर्वांत मोठ्या लस उत्पादकाकडे ट्विट करायला निदान नाव तरी होतं. आम्हीही त्याच आठवड्यांत गाळण्यांची वाट बघत होतो. कुणाला लिहावं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. पुरवठादार फोन उचलत नव्हता, आणि मालाचा शेवटचा खोका आम्ही जूनपर्यंत पुरवून पुरवून वापरला.